सेलवरचं आवरण मी सोललं होतं

"थर्ड डिग्री बर्न आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आणि नुसतं आगीने भाजलेलं नाही, केमिकलनेही भाजलंय."

मी कॅज्युअल्टीच्या दाराशी उभी होते. हातात प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत माझ्या नवऱ्याची, दिलीपची, कापून काढलेली पँट. थर्ड डिग्री म्हणजे कातडीचे सगळे थर जळून जातात. आतल्या नसाही जळतात, म्हणून तिथे पेशंटला फारसं दुखतच नाही. दुखतं ते कडेकडेने. दुखत नाही म्हणून बरं वाटून घेऊ नका, एवढं त्यांनी मला उभ्या उभ्या समजावलं.

"खिशात काय होतं?"

"ई-सिगारेट."

"म्हणजे आतला सेल फुटला. सेल कुणी बसवला होता?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

मीच बसवला होता.

दिलीप पाइपांचा विक्रेता. मोटरसायकलवर इगतपुरीपासून त्र्यंबकपर्यंतची दुकानं फिरायचा. वीस वर्षं सिगारेट ओढली, खोकला लागला, मग एका मित्राने त्याला ही स्टीलची नळी दिली. आपल्याकडे तिच्यावर बंदी आहे हे आम्हाला माहीत होतं. पण खोकला कमी झाला, म्हणून मीही काही बोलले नाही.

सहा महिन्यांत आतला सेल बसला. चार्ज होईना. नवीन सेल आणायला मी एमजी रोडच्या मागच्या गल्लीत गेले. तिथे कैलास नावाचा माणूस टॉर्च, रेडिओ, मिक्सर दुरुस्त करायचा. त्याने नळीच्या तोंडाशी सेल धरून पाहिला.

"ताई, या सेलला खाली सुरक्षेची चकती असते, म्हणून हे जाड आणि लांब आहेत. तुमच्या नळीत बसणार नाहीत. जोर लावू नका आणि वरचं प्लास्टिक तर अजिबात सोलू नका. दोन दिवसांनी या, बरोबर मापाचे आणून देतो."

दोन दिवस दिलीप घर डोक्यावर घेणार, हे मला दिसत होतं. मी तेच सेल घेऊन आले, एक नळीसाठी आणि एक जादाचा.

घरी त्याने ढकलून पाहिलं. सेल अर्ध्यात अडकला. पक्कडीने ओढून काढावा लागला. मग तो मला म्हणाला, "तुझे हात बारीक कामाचे आहेत. तू बघ."

मी अंबडला मोटर वाइंडिंगच्या कारखान्यात अकरा वर्षं काम करते. तांब्याच्या तारेवर वार्निशचं पातळ आवरण असतं, ते कुठे खरवडलं गेलंय का हे तपासणं माझं काम. नखाएवढी तार उघडी दिसली तरी मी पूर्ण कॉइल बाजूला काढते. उघडा धातू उघड्या धातूला टेकला की काय होतं, हे मला कुणी शिकवायला नको. तरी मी ब्लेड घेतलं, सेलवरचं निळं प्लास्टिक उभं चिरून सोललं, खालची चकती उचकटली. सेल अलगद आत गेला. एवढ्याशा सेलने काय होतंय, असंच मला वाटलं. दुसराही सोलून ठेवला.

"वा," दिलीप म्हणाला. फार दिवसांनी त्याने मला वा म्हटलं होतं. मला बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी मुंबई नाक्याच्या सिग्नलला नळी खिशात फुटली. आधी फुसफुस आवाज आला, म्हणून त्याने उजव्या हाताने ती ओढून काढायचा प्रयत्न केला. मांडी गेली आणि हातही भाजला. शेजारच्या रिक्षावाल्याने त्याच्यावर पाण्याचा कॅन ओतला. तो रिक्षावाला पुन्हा भेटला नाही. त्याचे उपकार कुठे फेडू?

पहिले दोन दिवस धुण्यात गेले. कागदाची पट्टी जखमेला लावायची, रंग पाहायचा, केमिकल उरलंय का बघायचं, पुन्हा धुवायचं. मग डिब्राइडमेंट, म्हणजे मेलेली कातडी आणि मांस खरवडून काढणं. मग स्किन ग्राफ्ट, म्हणजे चांगल्या मांडीची पातळ साल काढून जळलेल्या मांडीवर लावणं. जिथून साल काढतात ती जागा जखमेपेक्षा जास्त दुखते, हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला मी सांगून ठेवते. ड्रेसिंगच्या वेळी नातेवाइकांना बाहेर थांबवायचे. दिलीप शिव्या द्यायचा. नर्सला, डॉक्टरला, देवाला. माझं नाव त्यात कधी आलं नाही. मी दाराला कान लावून तेवढंच ऐकायचे.

चौथ्या दिवशी सायखेड्याहून दीर संतोषभाऊ आणि सासूबाई आल्या. भाऊंनी दिलीपला पाहिलं, बाहेर आले आणि मला विचारलं, "वहिनी, सेल कुठून आणला होता?"

मी गल्ली सांगितली, दुकान सांगितलं. ते खरंच होतं. पुढचं सांगितलं नाही.

दुपारी ते तिघाजणांना घेऊन गेले. परत आले तेव्हा हाताला काचेचा ओरखडा होता. काउंटर फोडला, सामान गल्लीत फेकलं, स्टुलाने कैलासच्या कानावर एक दिली, असं त्यांनी वेटिंग रूममध्ये बसून सांगितलं. "लय शहाणा. म्हने म्या सांगितलं व्हतं."

सासूबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी सगळ्यांसाठी थर्मासमधला चहा ओतला.

बाराव्या दिवशी इन्फेक्शन झालं. लावलेली कातडी निम्मी निघून आली. उजव्या हाताची दोन बोटं काळी पडली होती, ती काढावी लागली. सहीसाठी कागद समोर ठेवून डॉक्टर मला म्हणाल्या, "एक सांगते. अशा सेलवर प्लास्टिक असतं. ते वितळून जखमेत चिकटतं. ह्यांच्या जखमेत एक कणही सापडला नाही."

मी सही केली.

"मी पोलीस नाही. पण तसा दुसरा सेल घरात असेल तर आज काढा."

मी घरी जाऊन दुसरा सेल पत्र्याच्या डब्यात वाळूत पुरला आणि गॅलरीच्या कोपऱ्यात ठेवला.

पाच-सहा दिवसांनी दिलीप उशीला टेकून बसू लागला. मी म्हणाले, "अहो, भाऊंना खरं सांगू या."

"काय खरं?"

"मी सोललं ते."

"मला माहीत नाही का? समोरच बसलो होतो." तो छताकडे बघत बोलत होता. "आता सांगून काय होणार? तो दुकानदार केस करेल. माझा भाऊ आत जाईल. आणि आईसमोर तू कुठल्या तोंडाने उभी राहशील, ते बघ."

मी गप्प बसले. भीतीने बसले, दुसरं काही कारण नव्हतं.

दीड महिन्याने घरी सोडलं. बरी होताना कातडी आवळते, सांधा ओढला जातो, त्याला कॉन्ट्रॅक्चर म्हणतात. ते होऊ नये म्हणून दिवसभर घट्ट पट्टा घालायचा, प्रेशर गारमेंट. फिजिओथेरपीच्या ताई कंटाळा न करता आठ महिने आल्या. आज दिलीप चालतो, कंपनीच्या ऑफिसात बसून ऑर्डरी घेतो. त्या डॉक्टर आणि ह्या ताई नसत्या तर पाय राहिला नसता.

दिलीप कामावर जायला लागला त्या आठवड्यात मी गल्लीत गेले. कैलासचं दुकान दुसऱ्याचं झालं होतं. तो कोपऱ्यावर एका पायरीपाशी घडीचं टेबल टाकून बसला होता. माझं बोलणं ऐकायला त्याने उजवा कान पुढे केला. डाव्याने ऐकू येत नाही.

मी सगळं सांगितलं. माफी मागितली. तो हातातला रेडिओ सोल्डर करत राहिला.

"मला माहीतच होतं, ताई. मला सांगून काय उपयोग? ही गल्ली म्हणते, याच्या सेलने माणूस जळला. गल्लीला सांगा."

"आत्ता?"

"मग केव्हा?"

मी पहिल्या दुकानात शिरले. कैलासने सेल बसणार नाही सांगितलं होतं, सोलू नका सांगितलं होतं, तरी मी सोलला. एवढंच बोलायचं होतं. पहिल्या दुकानात दोनदा सांगावं लागलं. अकरा दुकानं झाली. एका म्हाताऱ्या दुकानदाराने विचारलं, "इतके दिवस कुठं होता?" परतले तेव्हा कैलासकडे गिऱ्हाईक होतं. त्याने वर पाहिलं नाही.

त्याच दिवशी फोन करून संतोषभाऊंना सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. ते अजून बोलत नाहीत. सासूबाई आमच्याकडे येत नाहीत.

तुमच्या घरात कुणी असं भाजलं तर डॉक्टर पहिल्यांदा विचारतील तेव्हाच खरं सांगा. त्या दिवशी ते एका वाक्याचं काम असतं. पुढे त्याची किंमत तिसराच कुणी भरतो. मी हे आता कारखान्यात नव्या पोरींनाही सांगते, माझ्या नावानिशी.

गल्लीत जाऊन आले ते मी दिलीपलाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा पट्टा चढवायला मी त्याच्या पायाशी बसले, तर त्याने पाय मागे घेतला.

"आजपासून माझा मी घालीन."

उजव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांनी तो पट्टा वर ओढायला त्याला अर्धा तास लागतो. रोज सकाळी तो पलंगाच्या कडेला बसून ओढतो. मी समोर बसून राहते. हाक मारली तर उठायचं, असं ठरवलंय. अजून मारलेली नाही.