शिवाजीच्या बाजरीतली झाडं

दत्ता गेल्याचं मला त्याच्या चुलतभावानं, शिवाजीनं, फोनवर सांगितलं. गावी शेतात खड्डे काढताना छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मी काही बोलायच्या आत त्यानं विचारलं, "खोलीत त्येनं काय काय ठिवलंय?" मला राग आला... पण दत्ताबद्दल असे प्रश्न आम्हा सगळ्यांनाच पडायचे.

पिरंगुटजवळच्या कारखान्यात आम्ही एका पाळीला होतो, शेजारच्या भरे गावात एका खोलीत राहायचो. तो माण तालुक्यातला, बायको-मुलं नव्हती. खोलीमागं दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत तो शेवग्याची, हादग्याची, बोरीची रोपं वाढवायचा. गावी प्यायलासुद्धा टँकर. इथं पाण्याला तोटा नाही. म्हणून इथं मोठी करायची आणि पावसाच्या तोंडावर तिकडं न्यायची. घरमालकीण अनुसयाबाईंना हे पटेना. मुळशीत जमिनींचे भाव चढत होते, रोज कुणीतरी एजंट जीपमधून उतरायचा. "आज पिशवीत हाय, उद्या जमिनीत लावशील. मग म्हनशील, झाड माजं, जागाबी माजी," त्या म्हणाल्या. दत्तानं पिशव्या उचलून फरशीवर मांडल्या. तरी बाई येता-जाता एखादी उचलून बघायच्या, मूळ खाली गेलं नाही ना...

गावची शंका याहून मोठी. दोघा भावांची रानं लागून. दत्ता रोपं लावायचा ती शिवाजीच्या बाजरीत, मध्ये अंतर सोडून. स्वतःच्या रानात एकही नाही. हा पुढं झाडांवरून जमिनीत वाटा मागणार, असं शिवाजीनं धरलं आणि पहिल्या वर्षीची रोपं उपटून टाकली. दत्ता पुढच्या पावसाळ्यात पुन्हा घेऊन गेला, त्या खेपेची मात्र राहिली. एवढ्या चांगुलपणाचा मलाही संशय यायचा. एकदा सरळ विचारलं, तुला यातून काय पाहिजे? भाकरी थापत तो म्हणाला, "मला पगार येतो. पाऊस पडला तरच त्याच्या घरात धान्य येतं." मला ते अपुरं वाटलं. आजही थोडं वाटतं.

मग दुष्काळाची वर्षं लागली. बाजरीच्या कणसांत दाणा भरेना. शिवाजीच्या शेळ्या हादग्याच्या पाल्यावर तगल्या, चुलीवर शेवग्याची भाजी शिजली, बोरं बाजारात गेली. पण दोघांचं बोलणं काही मोकळं झालं नाही.

तेरावा उरकून शिवाजी भऱ्याला आला. ट्रंकेत कपडेच निघाले. मग तो मागं जाऊन रोपांपाशी उभा राहिला. "त्येच्या रानात एकबी झाड न्हाय. सगळी माझ्यात. त्यो काय मागनार हुता, तुमाला ठावं आसंल." मी पगाराचं ते वाक्य सांगितलं. मी काही लपवतोय का हे ताडत त्यानं माझ्याकडं बघितलं. मग खाली बसून एकेक रोप एका रिकाम्या क्रेटमध्ये मांडू लागला.

फाट्यावर त्याला सोडायला गेलो. कंडक्टरनं क्रेट टपावर टाकायला सांगितलं. शिवाजीनं ऐकलं नाही. वर कोण हात लावील याचा भरवसा नाही म्हणाला, आणि क्रेट मांडीवर घेऊन बसला.