आमच्या इनचार्जांचं नॉर्मल रक्त

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कोल्हापुरात आमच्यासारख्या दवाखान्यातल्या लॅब टेक्निशियनांसाठी शनिवार-रविवारचा एम.एस्सी. निघाला. विषय जैववैद्यकीय शास्त्र. नाव ऐकूनच घरच्यांची छाती फुगली. शिकवायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी रुग्णाच्या दंडाला रबर बांधून शीर कधी शोधली नसावी. ते पिवळ्या पडलेल्या कागदांवरून नोट्स सांगायचे, आणि आठवडाभर रक्त-लघवीत हात घालून आलेले आम्ही परीक्षानळीची आकृती काढून तिला बाण दाखवायचो. माझ्या शेजारी मलकापूरच्या दवाखान्यातले एक गृहस्थ बसायचे. ते पहाटेच्या एसटीनं यायचे आणि हजेरी झाली की डोळे उघडे ठेवून झोपायचे. त्या वर्गात काहीतरी पदरात पाडून घेणारा तो एकटाच माणूस होता.

मला बढती हवी होती, म्हणून मी जागी राहायचे. दवाखान्यातल्या आमच्या लॅबच्या इनचार्जांना ते खुपायचं. हे शिवाजी पेठेतले, तरुणपणी तालमीत घुमलेले, आवाज असा की बाहेरच्या रांगेतल्या माणसाला आपला रिपोर्ट आतूनच ऐकू यावा. "ताई, नळीतलं रक्त काय तुमची डिग्री इचारतंय व्हय?" हा त्यांचा दर सोमवारचा विनोद. हसणं सक्तीचं होतं.

सोमवारीच त्यांचा दुसरा सोहळा असायचा. मशीन बरोबर दाखवतंय का, हे ठरलेल्या मापाच्या द्रावणानं तपासायचं असतं. त्याला आम्ही स्टँडर्ड म्हणतो. तपासणीच्या रसायनांच्या किटबरोबर त्याची एवढीशी बाटली यायची, आणि सरकारी खरेदीतलं पुढचं किट कधी येईल याचा नेम नसायचा. म्हणून इनचार्ज ती बाटली फ्रीजमध्ये मागे जपून ठेवायचे आणि स्वतःची बाही वर करायचे. "घ्या. ह्याच्यापरास नॉर्मल माणूस जिल्ह्यात घावायचा न्हाय." त्यांच्या रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं बिघडली की रक्तात वाढणारा घटक, एक यायलाच हवं असा कायदा होता. जास्त आलं तर मशीन चढलंय असं ठरायचं. मग ते बटणं दाबून, आपलं एक येईपर्यंत मशीनला खाली ओढायचे. त्याच मापानं दिवसभराच्या रुग्णांचे रिपोर्ट निघायचे आणि त्यावर डॉक्टर औषधं लिहायचे. साहेबांची तब्येत हेच आमच्या दवाखान्याचं माप होतं, आणि वरच्या डॉक्टरांपैकी कुणालाही त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी मला प्रबंधासाठी मूत्रपिंडाचाच विषय मिळाला. तुलनेला धडधाकट माणसांचं रक्त हवं होतं. इनचार्जांनी आपण होऊन दंड पुढे केला. "जाऊ द्या आमचं बी रक्त कॉलिजात," म्हणाले.

कॉलेजच्या मशीनला मात्र स्टँडर्ड लावायची रीत होती. त्या कोर्सनं आम्हाला दिलेली कामाची गोष्ट ती एवढीच. या तपासणीत पिवळं द्रावण नारिंगी होतं, आणि क्रिएटिनिन जितकं जास्त तितका रंग गडद. साहेबांची नळी सगळ्यांत उठून दिसत होती. आकडा नॉर्मलच्या दुपटीहून वर गेला. मी पुन्हा लावून बघितलं, तेच.

मी गाइडकडे धावले. त्यांनी चष्मा वर केला. "हा आकडा काढून टाका. नॉर्मलच्या गटात नॉर्मलच माणूस पाहिजे."

"पण सर, ते आजारी आहेत."

"ते डॉक्टरांचं काम. आपलं काम प्रबंध."

असल्या माणसाला काय बोलायचं? एका ओळीवर रेघ मारून त्यांनी शास्त्राची सेवा केली आणि चहा मागवला.

साहेबांना सांगितलं तर ते खो खो हसले. "माझ्या मूत्रपिंडाला काय धाड भरलीया? आखाड्यात लोळलेलं अंग हाय हे. तुमच्या कॉलिजच्या मशीनलाच डॉक्टरला दाखवा." उलट सोमवारी आणखी जोरात बाही वर केली. मला संताप आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. ती त्यांच्यासाठीच होती, हे कबूल करायला मला आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी ते चहाला गेले असताना मी त्यांनी जपलेल्या स्टँडर्डच्या बाटलीचं सील फोडलं, मशीन तिच्यावर लावून घेतलं, आणि त्यांच्या सोमवारच्या रक्ताचं उरलेलं सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावरचं पाणी, नुसता नंबर टाकून रुग्णांच्या नळ्यांबरोबर तपासणीला लावलं. ते आले आणि आकडे वाचू लागले.

"आज समदीच वर चाललीत की," ते पुटपुटले. मग त्या नळीशी थांबले. "ह्यो पावणा तर गेलाच म्हणायचा. कुठल्या वार्डातला? फोन करा की पटकन."

"साहेब, ही नळी तुमची आहे," मी म्हणाले.

त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. इतक्या वर्षांत लाखांनी नळ्या बघितलेला माणूस, त्याला रंग वाचायला माझी गरज नव्हती. मग त्यांचं लक्ष सील फोडलेल्या बाटलीकडे गेलं. आता किटला शिव्या देतील, म्हणून मी वाट बघत होते. ते स्टुलावर बसले. आवाज इतका खाली आला की मला वाकून ऐकावं लागलं.

"म्हंजे माझ्यासारखं दुखणं घेऊन जे जे आलं, त्यांस्नी मीच काय न्हाय म्हणून घरला धाडलं की."

टेबलावर आदल्या दिवशीचे रिपोर्ट पडले होते, साहेबांच्या सहीचे, आणि खिडकीशी माणसं ते मागत उभी होती.