मावशींची विरळणी

मावशी रोज सकाळी खोलीत आल्या की आधी काहीतरी पुसायच्या, आणि पुसण्याआधी त्याचं नाव मोठ्याने वाचायच्या. "मंगळवार, दुपारी चारचा. कोणाले पायजे?" खोलीत एकटी मी असले तरी विचारायच्या. थोडं थांबायच्या, मग बटण दाबायच्या.

खोली आमच्या संघटनेची, शेलूबाजारला खताच्या दुकानामागे. टेलिफोनच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या मावशी तिथे सर्व्हर सांभाळायच्या. त्यात गायरानावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांचे अर्ज, त्यांच्या घरांचे फोटो, पुरावे, कार्यालयातल्या याद्यांच्या प्रती. माणसं डोळ्यांसमोर राहतात आणि सरकारला दिसत नाहीत, तर ती दाखवायची, हे आमचं काम. सर्व्हर दर तासाला या सगळ्याचा स्नॅपशॉट धरून ठेवायचा. म्हणजे त्या घडीला काय कसं होतं, ते पुन्हा पाहता यावं. मी पत्रकं लिहिणारी. मला वाटायचं, ही दर तासाची झेरॉक्स.

"झेरॉक्स नाई, पोरी," मावशी म्हणाल्या. "तू एखादं पान बदललं, का जुनं पान तो बाजूले ठेवते. नाई बदललं तं जागा खात नाई. पण एकदा धरलं का सोडत नाई. आपल्यालेच सोडवा लागते."

त्यांचं माहेर मालेगावजवळचं, भाजीच्या वाडीवरचं. त्यामुळे त्यांचा नियम वाडीतूनच आलेला. तासातासाचे स्नॅपशॉट दोन दिवस ठेवायचे, रोजचा एकेक महिनाभर, महिन्याचा एकेक वर्षभर. मधले काढायचे. "मुळ्याची विरळणी नाई केली तं सगळे मुळे बोटाएवढे राह्यतात. मंग बस चाटत."

दर शनिवारी त्या या सगळ्याची प्रत असलेली एक डिस्क कापडी पिशवीत घालून जीपने मालेगावला बहिणीकडे नेऊन ठेवायच्या. मी हसले होते. "हसू नको. घराले आग लागली तं त्याच घरातला फोटो काय कामाचा?" आणि महिन्यातून एकदा मला म्हणायच्या, "सांग कोणाचंही नाव." मी सांगायचे. त्या माणसाचा मागच्या महिन्यातला अर्ज जसाच्या तसा परत पडद्यावर आणून दाखवायच्या. परत आणता येत नाही तो बॅकअप नाही, असं त्यांचं ठाम मत. आमच्यातल्या पुढाऱ्यांना कामाची एवढी शिस्त असती तर बरं झालं असतं. त्यात मीही आले.

झालं असं की एका कार्यालयातल्या यादीतून आमच्या वस्तीची नावं गायब झाली. कोणी पुसली, कोणी सांगेना. मी पेटले. पत्रक काढलं, मोर्चा काढला, आणि दुसऱ्या दिवशी खोलीत शिरले तर मावशी नेहमीसारख्या पुसत होत्या. मी ओरडलेच. "मावशी, ते लोक पुसतात आणि तुमीबी पुसून राह्यल्या?"

"ते लपवून पुसतात. मी नाव घेऊन पुसतो."

मला ते पटलं नाही. त्याच आठवड्यात बैठकीत मी ठराव मांडला: संघटनेच्या सर्व्हरवरचं काहीही, कधीही पुसायचं नाही. टाळ्या पडल्या. मावशींनी नोंदवहीत आपला विरोध लिहिला, सही केली, आणि एवढंच म्हणाल्या, "ठराव केल्यानं डिस्क मोठी नाई होत."

तीन महिन्यांनी जागा कमी पडू लागली. मीच अक्कल चालवली. सगळे फोटो लहान करून पुन्हा भरा, म्हटलं. मावशींनी बजावलं, आधी स्नॅपशॉट विरळ कर, नाहीतर मोठे फोटो त्यात अडकून राहतील आणि लहान वरून भरले जातील. मी म्हटलं, ठराव म्हणजे ठराव, आणि लहान फोटो तसेच भरायला लावले.

अर्जांच्या शेवटच्या दिवशी आसेगावला शिबिर होतं. घराचा फोटो जोडल्याशिवाय अर्ज घेत नव्हते, आणि फोटो आमच्या सर्व्हरवरूनच जोडले जायचे. दुपारी एक वाजता सर्व्हर भरला. नवा एकही फोटो आत जाईना. मी शेलूबाजारला फोन केला. "मावशी, जागा करा. काहीबी पुसा."

"काहीबी नाई पुसत मी. अन् ठराव तुमचा आहे. मोडायचा तं लिहून दे."

मी आसेगावहून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवला. मग त्यांनी एकेक नाव वाचून मधले स्नॅपशॉट काढले. नावं गायब होण्याआधीचा मात्र हात न लावता ठेवला. त्यात कार्यालयाची जुनी यादी होती, आमचा तो एकमेव पुरावा. जागा हळूहळू मोकळी झाली, पण तोवर चार वाजले होते. शिबिरातली अर्जाची खिडकी बंद झाली तेव्हा तीन बायका रांगेत उभ्या होत्या.

पत्रकात मी लिहिलं, 'तांत्रिक बिघाडामुळे तीन अर्ज राहिले.' मावशींनी ते चष्मा लावून वाचलं.

"बिघाड कुठी झाला? मशीन तं सांगितलं तसंच वागली. ठराव झाला होता, ते लिही."

"मावशी, संघटनेची बदनामी होते."

"अन् मायी?"

मी पत्रक बदललं नाही. लोक खोलीत येऊन विचारू लागले, मावशी, मशीन कशी काय बिघडली? आठवडाभर त्यांनी ऐकून घेतलं. मग पुसण्याची वेळापत्रकं, किल्ली आणि डिस्कची पिशवी टेबलावर मांडून ठेवली आणि मालेगावला बहिणीकडे गेल्या. कोणाला वाईट बोलल्या नाहीत. ते जास्त लागलं.

परवा शेवटी फोन केला. माफीचं भाषण मी तयार ठेवलं होतं. पहिलं वाक्य होण्याआधीच त्यांनी विचारलं, "त्या तिघींचं काय झालं?"

"अजून काही नाही. मुदत वाढवून मागतोय."

"त्याईले माईत आहे, कायले राह्यलं ते?"

"नाही. त्यांनाही मी बिघाडच सांगितला."

"मंग मले फोन कायले केला? आसेगावले जा ना."

हे मी आसेगावच्या जीपमध्ये लिहीत आहे. रस्ता खराब, अक्षर हलतंय. तिघींपुढे उभं राहून काय बोलायचं, याचा मसुदा तीनदा खोडला. पहिलं वाक्य एवढंच उरलं आहे: तो ठराव मी मांडला होता.