सत्कारातले दोन शब्द

अर्पिता आली ती चपला न काढताच ओट्यावर टेकली, तेव्हाच मी ओळखलं की पोरगी घाबरली आहे. एरवी ती कोपऱ्यावरूनच "जय भीम, काकाजी" असा आवाज देते की अख्खी आळी जागी व्हावी. आज तिनं नुसता फोन माझ्यापुढं धरला.

"पाहा. मी जाहिरात करून राह्यली."

फोनात तीच होती. अंगावर जांभळी शाल, हातात नारळ, मागं झालरीचा पडदा. ती हसून म्हणत होती, "आपल्या आदिलाबादच्या पोरानं एवढा चांगला खेळ केला, सगळ्यांनी खेळलाच पाहिजे." खाली ठळक अक्षरं होती: 'रानवाट. अर्पिताताईंची पसंती.' आणि त्याखाली खेळ उतरवून घ्यायचं हिरवं बटण.

"आवाज तर तुझाच हाय," मी म्हणालो.

"शब्द बी माझेच हायेत, काकाजी. तेच तर वांधं हाय."

पात्र रंगमंचावर आलं की आधी त्याची ओळख करून द्यावी, ही आमची जुनी रीत. म्हणून थोडं थांबून सांगतो.

अर्पिता म्हणजे आमच्या वस्तीतल्या धम्मपाल गुरुजींची लेक. गुरुजी सरकारी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. आई ताराबाई, लहानपणी दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचून वाढलेली. अर्पिता इथल्या एका खाजगी कॉलेजात क्लार्क आहे. दिवसभर हजेरी, फी आणि बोनाफाईडचे कागद. संध्याकाळी मात्र ती मोबाईलवरचे खेळ खेळते आणि दर रविवारी व्हिडिओ करून मराठीत सांगते की अमुक खेळ कसा आहे, लेकरांच्या हाती द्यावा की नाही. चॅनलचं नाव 'खेळून सांगते'. किनवट, माहूर, पांढरकवड्यापर्यंतची पोरं आणि त्यांचे मायबाप ते पाहतात.

हे खूळ तिच्या डोक्यात हैदराबादच्या होस्टेलात शिरलं. एका नावाजलेल्या माणसानं हिंदीत ज्या खेळाची आरती ओवाळली, तो तिनं हौसेनं घेतला. खेळ तिसऱ्या दिवशी बंद पडला आणि फोन तव्यासारखा तापला. मागाहून कळलं की त्या माणसाला कंपनीनं विमानानं नेऊन, चांगल्या हॉटेलात ठेवून खेळ दाखवला होता. मग पोरगी खरं सांगणारा माणूस शोधत सुटली. इंग्रजीत तिला काही लहान लहान ठिकाणं सापडली. तिथं लिहिणारा आधीच सांगून टाकी की खेळ मला कोणी दिला, मी किती खेळलो, कुठं सोडला. शब्दकोश मांडीवर घेऊन ती ते वाचायची. "मराठीत असं कोणी काऊन नाही सांगत?" हे ती मला इतक्यांदा विचारायची की शेवटी मी म्हटलं, "तूच सांग न मग!"

मला त्यातलं एक लगेच पटलं होतं. आम्ही दंडार घेऊन फिरायचो, म्हणजे आमच्याकडचं गावरान नाटक. मी राणीचं सोंग घ्यायचो. पहिल्या रांगेत मालकानं जेवू घातलेले चार जण बसायचे आणि आमचं वाक्य पुरं व्हायच्या आत "वाहवा" करायचे. त्या वाहवावर कोणाचाच भरवसा नसायचा. खरी बातमी नेई तो बसचा एक कंडक्टर. उटनूरला पाहिलेली दंडार तो इंद्रवेल्लीच्या थांब्यावर सांगे, "राणी झ्याक हाय, पण राजा बोलणं विसरते." त्याच्या बोलण्यावर पुढच्या गावची गर्दी ठरायची, कारण त्याला आम्ही कधी चहासुद्धा पाजला नव्हता.

अर्पिता म्हणजे मला तो कंडक्टरच वाटते. खेळ शेवटापर्यंत खेळल्याशिवाय बोलायचं नाही, आणि लेकरांच्या घरी असतो तसल्याच स्वस्त फोनवर खेळायचा, हे तिचे नेम. आजवर एकदाही मोडले नव्हते.

मग मोडले कसे? तर सत्कारानं.

उद्धवराव आमच्या गावातले कापडाचे व्यापारी. माणूस भला. त्यांचा मुलगा भूषण अर्पिताच्याच वर्गातला. हैदराबादची नोकरी सोडून तो परत आला आणि दुकानाच्या माडीवर बसून त्यानं 'रानवाट' हा खेळ तयार केला. तो लोकांपुढं आणायचा समारंभ झाला, त्यात चॅनलमुळं नाव झालेल्या अर्पिताचा सत्कार ठेवला, सूत्रसंचालन माझ्याकडं होतं. उद्धवरावांनी आपल्या हातानं अर्पिताच्या खांद्यावर शाल घातली. त्या सभागृहात आमच्या वस्तीतल्या लेकीला शाल घातलेली ताराबाई पहिल्यांदा पाहत होती. तिचे डोळे भरून आले. आणि शाल घातली की आमच्याकडं माईक हाती देतात, "दोन शब्द बोला." त्या दोन शब्दांत यजमानाचं कौतुक करायचं, एवढंच असतं. लग्नात वाढप्याला "छान झालं" म्हणतात, तसंच ते. सभागृहातल्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं.

फोनात पाहणाऱ्याला ते ठाऊक नसतं.

"तेव्हा मी दोन टप्पे बी खेळली नव्हती," अर्पिता म्हणाली. "आता पुरा खेळली. चित्रं लय सुंदर हायेत, काकाजी, सागाचं रान हुबेहूब. पण सहाव्या टप्प्यावर तो फोनातले सगळे नंबर मागते. नाही म्हटलं तर पयल्या टप्प्यावर नेऊन आदळते. अन् ते मागणं इंग्रजीत, बारीक अक्षरात." तिनं फोन पुन्हा उघडला. "अन् हे पाहा, लोकं काय म्हणून राह्यले."

लोक म्हणत होते, 'ताई, तुम्ही पण विकल्या गेल्या?' एका बाईनं लिहिलं होतं, 'तुमच्या भरवशावर पोराला दिला.' त्या बाईचं वाक्य अर्पितानं मला दोनदा दाखवलं.

"उद्या परीक्षण टाकते. भूषणले बी कळवलं हाय," ती म्हणाली. "नाही टाकलं तर उद्यापासून माझं बोलणं कोण ऐकणार हाय?"

रविवारी दुपारी गुरुजींच्या घरून बोलावणं आलं. मी पोचलो तेव्हा उद्धवराव खुर्चीवर, भूषण दाराशी उभा, आणि अर्पिता भिंतीला टेकून. चहा टेबलावर गार होत होता. भिंतीवर शालीतल्या अर्पिताचा फोटो नुकताच टांगलेला, त्याखालीच ती उभी होती.

उद्धवराव कधी आवाज चढवत नाहीत. म्हणाले, "गुरुजी, तुमच्या लेकीचा मान केला आमी. काही चुकलं का?"

"नाही, शेठजी," गुरुजी म्हणाले.

"मग भूषण काय सांगून राह्यला, की ही आज खेळाच्या इरोधात बोलणार हाय? गावात बोलली एक, फोनात एक?"

"तेच तर चुकलं माझं," अर्पिता म्हणाली. "गावात मी न खेळता बोलली."

भूषण उसळला. "मंग तेव्हा काऊन नाही बोलली? शाल घेताना गोड लागली!"

"अन् तू मले इचारून लावली का ती जाहिरात?"

"चारशे माणसांसमोर बोलली तू! चोरून घेतलं का मी?"

"हळू, बापू, हळू," मी मध्ये पडलो. जन्मभर भांडणाचे प्रवेश केले, पण हे भांडण पाठ केलेलं नव्हतं आणि पडदा पाडायला दोरी नव्हती.

भूषण एकदम खाली बसला. त्याचा चेहरा उतरला होता. "अर्पिता, ऐक. नोकरी सोडून केला मी हा खेळ. आता कुठं लोकं घेऊन राह्यले. एक आठवडा दे. सहाव्या टप्प्याचं पाहतो मी, मग बोल जे बोलायचं ते. जाहिरात बी काढतो."

मागणी वावगी नव्हती. मलाही वाटलं, द्यावा आठवडा. ताराबाई पदर तोंडाशी धरून लेकीकडं पाहत होती. "दे न गं," ती पुटपुटली. "इतके मोठे माणसं घरी आले."

अर्पितानं मान खाली घातली. मग ती म्हणाली, "आठवडाभर लेकरं खेळतच राहतीन न, भूषण? माझ्या नावावर."

उद्धवरावांनी तेव्हा कोटाच्या खिशातून फोन काढला. त्यांना वाटलं असावं, आता हुकमाचं पान टाकू. "पोरी, इतकं वाईट असतं, तर तुझ्या मायनंच मले काऊन बोलावलं असतं खेळायला? हा पाहा निरोप." आणि त्यांनी चष्मा सारून वाचलं, "'मी रानवाट खेळते आहे. तुम्हीपण या. ताराबाई.' मले तर लय आनंद झाला होता. म्हटलं, ताराबाई बी खेळते!"

ताराबाई पुढं आली. "मी? मी कुठं धाडला?"

"तुमच्याच नंबरवरून हाय."

"शेठजी, तुमाले मी असं 'या' म्हणून लिहीन का?" तिचा आवाज फाटला. "समारंभाच्या दुसऱ्या दिवशी मी तो खेळ घेतला होता, लेकीचं नाव हाय म्हणून. काही तरी इचारत होता, मी दाबत गेली."

"किनवटच्या मामीनं बी मले फोन केला होता," गुरुजी सावकाश म्हणाले. "म्हणे, तारा या वयात खेळ खेळते अन् लोकायले बोलावते. मी हसण्यावारी नेलं."

माझ्याही फोनात तसलाच निरोप पडून होता. मी तो ताराबाईची हौस समजून सोडून दिला होता. आता मी तो काढून टेबलावर ठेवला. अर्पिताचा चेहरा पांढरा पडला. नंबर घेऊन खेळ काय करतो, हे तिलाही तोवर कळलं नव्हतं. तिच्या चाचणीच्या फोनात कोणाचे नंबरच नव्हते.

उद्धवराव मुलाकडं वळले. "भूषण, हे तूच ठेवलं का त्यात?"

"सगळेच ठेवते, बाबा. त्याशिवाय खेळ पसरत नाही. परवानगी मागते तो."

"कोणत्या भाषेत?" अर्पितानं विचारलं.

भूषण उठून पुन्हा दाराशी गेला.

उद्धवराव उठले. चहाला हात न लावता दारापर्यंत गेले, ताराबाईपुढं थांबले आणि हात जोडले. लेकीकडं मात्र त्यांनी पाहिलं नाही. भूषण जाताना एवढंच म्हणाला, "टाकणार हायेस न आज? टाक. गावच्याच पोराचा गळा काप."

"तुझं चांगलं बी सांगीन," ती म्हणाली.

"नको सांगू."

संध्याकाळी ती कॅमेऱ्यापुढं बसली. मी बाजूला वेताच्या मोड्यावर बसलो होतो. तिनं काही सोंग आणलं नाही. म्हणाली, "समारंभात मी या खेळाचं कौतुक केलं. तेव्हा मी तो पुरा खेळलेला नव्हता. मला शाल दिली होती आणि मी रीतीप्रमाणे दोन शब्द बोलले. ते परीक्षण नव्हतं. ज्यांनी माझ्या शब्दावर खेळ घेतला, त्यांची मी माफी मागते." मग सागाचं रान, ढोलाचं संगीत, सगळ्यांची तिनं मनापासून तारीफ केली. मग सहावा टप्पा दाखवला, इंग्रजीतलं मागणं मराठीत वाचलं, आणि शेवटी म्हणाली, "माझ्या आईच्या नावानं तिला न विचारता निरोप गेले. तुमच्याही घरून गेले असतील. तपासा."

ताराबाई स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती बाहेर आली आणि भिंतीवरचा फोटो काढू लागली. अर्पिता म्हणाली, "राहू दे, माय. शाल खरी हाय." ताराबाईनं तो राहू दिला.

पुष्कळ लोक तिचं चॅनल सोडून गेले. काहींनी लिहिलं, 'शालीसाठी बोलणारी उद्या कशासाठीही बोलेल.' काहींनी गावद्रोही म्हटलं. उटनूरहून कोणा शिक्षिकेनं मात्र कळवलं की शाळेच्या गटात तसले निरोप का येत होते, ते आता समजलं. भूषणनं ते मागणं नंतर काढून टाकलं आणि जाहिरातही उतरवली, पण दोघं रस्त्यात भेटले तर तो दुकानाच्या पायऱ्या चढून जातो.

आणि तिचा तो शालीतला व्हिडिओ? तो लोकांनी उचलून कुठं कुठं पसरवला, त्याला आता कोणी मालक नाही. तो दिसला की अर्पिता कॉलेजच्या सुट्टीत, डबा बाजूला सारून, त्याच्याखाली तेच एक वाक्य लिहिते: 'हे मी खेळायच्या आधी बोलले होते.' काल तिनं ते कुठल्याशा अनोळखी पानावर लिहिताना मी पाहिलं. लिहून झालं, तिनं एकदा वाचून पाहिलं, आणि पुढचं पान उघडलं.