तीन ओळींचा बुलबुल

खिडकीबाहेरची तार आजही रिकामीच हलते आहे. तिच्यावर बसणाऱ्या बुलबुलावर मी सोमवारी हायकू लिहिला, आणि मंगळवारपासून तो आलाच नाही. त्याआधी दारातल्या शेवग्यावर चारोळी केली, तर चौथ्या ओळीची शाई वाळायच्या आत शेवगा वाऱ्याशिवाय आडवा! खोटं वाटत असेल तर ओंडका येऊन बघा. कविता जितकी आखूड, तितकं आयुष्यही आखूड होतं की काय, कोण जाणे.

काल चहा ठेवता ठेवता बायको म्हणाली, "अहो, झाडापाखरांवर लिहिता, माझ्यावर दोन ओळी तरी लिहा की!"

मी घाईघाईने म्हणालो, "दोनच कशाला? तुझ्यावर पोवाडा रचतोय."

"इश्श! संपणार कधी?"

आत्तापर्यंत एकशे सत्तावीस कडवी झाली आहेत, आणि अजून मी तिला पाळण्याबाहेर येऊ दिलेलं नाही.