चकलीतल्या हिंगातला गहू

ललितापंचमी, सायंकाळ: सेवन. षष्ठी, पहाट: परिणाम. सप्तमी: कंपनीस माझे पहिले पत्र. अष्टमी: दुसरे. जबाबदार तिघे: चकली बनवणारी कंपनी, ती विकणारा खोपटचा दुकानदार आणि, पुरावा पाहता वगळता येत नाही म्हणून, मी.

माझ्या पत्नीला डॉक्टरांनी वर्षापूर्वी गहू बंद केला. तेव्हापासून सोसायटीच्या भोंडल्यात ती गाणी म्हणे, खिरापत ओळखे आणि वाटप सुरू झाले की पाणी प्यायच्या निमित्ताने घरी येई. यंदा खिरापतीची पाळी आमची होती. सर्वांबरोबर तिलाही खाता यावे, म्हणून ‘ग्लूटेन-फ्री’ छापलेली तांदळाची चकली मी स्वतः निवडून आणली. बायकांनी डबा वाजवून ती ओळखली. पत्नीने चार खाल्ल्या. पाणी प्यायला आली नाही.

पहाटे ती पोट धरून बसली, तेव्हा मी भिंग घेऊन पाकिटाची मागची बाजू वाचली. तांदूळ, तेल, तीळ, हिंग. आणि हिंगाच्या पुढे, कंसात, मुंगीएवढ्या अक्षरांत: गव्हाचे पीठ.

“काका, पुढे हिरवा ठिपका आहे की!” दुकानदार म्हणाला.

“तो शाकाहाराचा. गहू मांसाहारी आहे असे माझे म्हणणे नाही.”

“हिंगात पीठ असतंच हो थोडं. तुमच्या घरच्या हिंगातपण असेल.”

हा बिनबुडाचा आरोप खोडून काढण्यासाठी मी घरी येऊन डबी तपासली. टेंभी नाक्यावरून दरमहा मीच आणतो ती. गव्हाचे पीठ. म्हणजे पोळी बंद करून मी वर्षभर रोजच्या आमटीतून तिला गहू पुरवत होतो.

“आणि पोट दुखलं की माझी उलटतपासणी!” पत्नी अंथरुणातून म्हणाली. “चोरून पाव खातेस का, कधी खाल्लास, सोबत कोण होतं! अहो, आता स्वतःलाच नोटीस धाडा. पंधरा दिवसांची मुदत द्या.”

मुदत न घेता मी लेखी माफीनामा दिला आणि बिनपिठाचा हिंग आणला. दुकानदाराने उरलेली पाकिटे मांडणीवरून काढली. कंपनीने मात्र माझ्या ‘भावना’ संबंधित विभागाकडे पाठवल्याचे कळवले. मी भावना पाठवल्या नव्हत्या. पाकीट पाठवले होते.

यापुढे मला खासगी उत्तर नको. हिंगात गहू असल्याचे मागे छापणाऱ्यांनी पुढे ‘ग्लूटेन-फ्री’ कोणाच्या सहीने छापले, हे कंपनीच्या संचालकांनी वर्तमानपत्रात, मराठीत, ठळक अक्षरांत सांगावे. खिरापत हातात घेऊन खावी की परत ठेवावी या विचारात थांबलेल्या बाईला ते भिंगाशिवाय वाचता आले पाहिजे.