लुळफुळ

आमच्या वरच्या मजल्यावर प्लास्टरमास्तर राहतात. भिंतींना प्लास्टर करणारे नव्हेत, मोडलेल्या हातापायांना करणारे. मोठ्या दवाखान्याच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या पुढे, अगदी टोकाला एक खोली आहे. त्या खोलीत त्यांची सगळी नोकरी झाली. एक उंच टेबल, एक बादली, पांढऱ्या चुऱ्यानं कायमचं माखलेलं बेसिन आणि खुंटीला टांगलेली करवत.

ती करवत विजेवर चालते आणि असा काही आवाज करते की भल्याभल्यांची गाळण उडावी. खरं तर ती गोल फिरत नाही, नुसती थरथरते. प्लास्टर कापते, कातडीला धक्का लावत नाही. पण हे समजावून सांगायचं कुणाला? समोर बसलेलं पोर आधीच भोकाड पसरून मोकळं झालेलं असतं. मास्तरांनी सुरुवातीला समजावून बघितलं, मग करवत स्वतःच्या तळहाताला लावून दाखवली, तेव्हा तर पोरं जास्तच किंचाळली. शेवटी एके दिवशी वैतागून त्यांनी तोंडाला येईल ते बडबडायला सुरुवात केली, आणि पोर ऐकायला म्हणून गप्प बसलं.

घर्रघुम्मट आला, पोटावर चालला,
टणकोबाच्या दाराशी थांबून बोलला,
"टणकोबा, टणकोबा, दार उघड रे!"
"आत निजलंय पिटुकलं, हळू बोल रे!"
दार उघडलं फट्,
पिटुकलं उठलं चट्,
लुळफुळ लुळफुळ हवेत चाललं,
हसू की रडू, विसरूनच गेलं!

घर्रघुम्मट म्हणजे करवत, टणकोबा म्हणजे प्लास्टर आणि पिटुकलं म्हणजे आतला हात. लुळफुळ मात्र त्यांनी नीट विचार करून केलेला शब्द. प्लास्टर निघालं की हात बारीक, पांढराफटक, परक्यासारखा दिसतो. इतके दिवस वजन उचलायची सवय लागलेली असते, ते वजन गेल्यावर तो आपोआप वर जातो. हलकं वाटतं आणि त्याच वेळी जीव घाबरा होतो. पोरं हसायला तोंड उघडायची आणि रडायला लागायची. त्या अवस्थेला भाषेत शब्द नव्हता, म्हणून यांनी केला. गाणं संपलं की ते प्रत्येक पोराला विचारायचे, "काय रे, हसू की रडू?" आणि पोर काय म्हणेल ते करू द्यायचे.

पोरं गाणं घरी घेऊन गेली, तिथून ते शाळेत गेलं. पोरं मोठी झाली, नोकरीला लागली, शब्द त्यांच्याबरोबर गेले. माझ्या ऑफिसात साहेबाला मागून सगळे टणकोबा म्हणायचे, आणि मी समजत होते की आमच्या टायपिस्टनं ठेवलेलं नाव आहे. खडखड करणारी मोटारसायकल गेली की लोक म्हणतात, गेला घर्रघुम्मट. लुळफुळ तर कुठल्या कुठे पोचला. परीक्षा संपली की मुलं लुळफुळतात. गाद्यांच्या जाहिरातीत एक बाई पाय पसरून म्हणते, "आता कशी अगदी लुळफुळ!" मजेत, निवांत, काही काळजी नाही, असा त्याचा अर्थ झाला. शेवटची ओळ वाटेत कुठेतरी गळून पडली.

मास्तरांनी कधी कुणाला सांगितलं नाही की हे माझं. मला सांगितलं तेही वहिनींनी, भाजी निवडता निवडता. "ह्यांनी केलंय ते," म्हणाल्या, "घरी मात्र तोंड उघडत नाहीत."

मग लकव्यानं वहिनींची एक बाजू गेली. मास्तर नुकतेच निवृत्त झाले होते. त्यानंतर कितीतरी वर्षं त्या खाटेवर, आणि हे खाटेपाशी. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर थोड्या वेळानं कूस बदलायची, भरवायचं, पुसायचं, उचलून खुर्चीत बसवायचं. बाई ठेवा म्हणून मी कितीदा कानीकपाळी ओरडले. "तिला दुसऱ्याचा हात कळतो, ताई," म्हणायचे. मुलगा परदेशात. तो फोन करायचा, आणि फोन करणं हेही काम असतंच म्हणा.

वहिनी गेल्या तेव्हा आलेला प्रत्येक जण एकच वाक्य बोलला. सुटल्या बिचाऱ्या. आणि दारातून निघताना आवाज खाली आणून, "तुम्हीही सुटलात हो मास्तर." मीही म्हणाले असेन, कोण जाणे. मुलगा येऊन गेला. खाट कुणा गरजूला देऊन टाकली, खोली धुऊन घेतली, आणि जाताना बापाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "बाबा, आता मस्त लुळफुळ राहा. फिरा, सिनेमे बघा."

त्या दिवशी मी चहा घेऊन वर गेले तर मास्तर खुर्चीत बसून होते, दोन्ही हात मांडीवर उताणे.

"लुळफुळ राहा म्हणाला," ते म्हणाले.

"पोरगं आहे. काहीतरी बोलायचं म्हणून बोललं."

"मला जे होतंय ना ताई, त्याला तोच शब्द आहे. दुसरा नाहीच. पण आता मी तो बोललो तर लोकांना वाटेल म्हातारा बायको गेल्यावर खुशीत आहे." त्यांनी मांडीवरचे हात पालथे केले. "एका माणसाला तरी सांगता यायला हवं होतं. कुणाला सांगणार?"

मी समोरच बसले होते. रागच आला मला. पण खरं सांगायचं तर मला त्यांचं म्हणणं कळलं नव्हतं, आणि ते त्यांनी ओळखलं होतं. चहा निवला, मी कप घेऊन खाली आले.

पुढे ते फारसे दिसेनात. जिन्यात गाठ पडली तर "बरं आहे" म्हणायचे. वर त्यांच्या चपलांचा आवाज यायचा, खोलीतून खोलीत, आणि मधेच थांबायचा. एका दुपारी धाडकन आवाज झाला. धावत गेले तर मास्तर जमिनीवर, उजवा हात वेडावाकडा. डुलकी लागली होती. जाग आली ती वहिनींची कूस बदलायची वेळ झाली म्हणून. उठले, खाटेच्या कडेला हात टेकायला गेले, आणि तिथे खाट नव्हती.

"बघा," मला म्हणाले, "रिकामी जागा होती, आणि मी भार टाकला."

प्लास्टर कोपराच्या वरपर्यंत घातलं. डाव्या हातानं जेवताना सांडायचं, म्हणून माझ्यासमोर जेवायचे नाहीत. मी डबा ठेवून यायची आणि परत आणायची, एवढंच.

प्लास्टर काढायच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले. तीच टोकाची खोली. बेसिन बदललेलं, टेबल तेच. काम करणारी मुलगी तिशीची असेल, केसांत पांढरा चुरा, नाकावर मास्क. मास्तरांना ओळखण्याचा प्रश्नच नव्हता, मधे त्या जागेवर दोघेतिघे येऊन गेले होते. तिनं करवत खुंटीवरून काढली, चालू केली आणि मोठ्यानं सुरू झाली, "घर्रघुम्मट आला, पोटावर चालला, टणकोबाच्या पाठीवर..."

"दाराशी," मास्तर म्हणाले.

"पाठीवर आहे आजोबा."

"दाराशी थांबून बोलला, असं आहे ते."

"मला आधीच्यांनी शिकवलंय, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. तुम्ही चुकताय. हात हलवू नका."

मला हसू आवरेना. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले. "असेल, पाठीवर असेल," ते म्हणाले.

तिनं दोन्ही बाजूंनी कापलं, चिमट्यानं फट फाकवली, आतला कापूस कात्रीनं उघडला. हात बाहेर आला. सालपटं निघालेला, हडकुळा, जुन्या मेणबत्तीसारखा. टेबलावर क्षणभर पडून राहिला आणि मग हळूहळू, कुणी न उचलता, वर गेला. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. जन्मभर दुसऱ्यांचे हात असे वर जाताना पाहिलेले, स्वतःचा कधी नाही.

"दुखतंय का हो?" मी विचारलं.

"त्यांना बोलायला लावू नका आत्ता," मुलगी मला म्हणाली. "लुळफुळलेत ते."

"म्हणजे बरं वाटतंय ना?"

"ते बाहेर. जाहिरातीत. इथे तसं नसतं." तिनं करवत बंद केली, मास्क खाली ओढला आणि त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसली. आणि लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, "काय आजोबा? हसू की रडू?"

मास्तरांचा हात अजून वरच होता.

"रडू," ते म्हणाले.

"मग रडा. घाई नाही."

तिनं मला खुणेनंच बाहेर जायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं. मी बाकावर बसले. वहिनी गेल्या तेव्हा हा माणूस चारचौघांत ओल्या डोळ्यांनी उभा राहिला होता, आवाज मात्र काढला नव्हता. तो आवाज आता दारातून येत होता.

शेजारी एक माणूस पायाला प्लास्टर घालून नंबराची वाट बघत होता. तो घाबरला. "ताई, फार दुखतं का हो काढताना?"

"नाही," मी म्हटलं. "लुळफुळतं फक्त."

त्याला हायसं वाटलं, आणि तो हसला.